स्टेरॉइड मलमे

स्टेरॉइड मलमे : अधिवृक्क ग्रंथींच्या (प्रत्येक मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाशी असणाऱ्या अंतःस्रावी ग्रंथींच्या) बाह्यकातून स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या हॉर्मोनाशी रासायनिक दृष्ट्या निकटचे नाते असलेली आणि त्वचेवर बाहेरून लावावयाची शोथनाशक (दाहयुक्त सूज कमी करणारी) औषधे. इसब, स्पर्शजन्य त्वचाशोथ, सोरियासिस, कीटकदंशामुळे उठणाऱ्या गांधी इ. विकारांत त्यांचा उपयोग होतो. योग्य विकारात, योग्य मात्रेत व मर्यादित काळ वापरल्यास ती अतिशय गुणकारी व निर्धोक ठरतात. निदानाविना व दीर्घकाळ वापरल्यास मात्र त्यांच्यापासून त्वचेला कायमची हानी पोहोचू शकते.

इतिहास : १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच व एडवर्ड केंडल यांनी कॉर्टिसोन हे द्रव्य संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णाला दिले व त्याचा आश्चर्यकारक परिणाम दिसून आला. या संशोधनाबद्दल हेंच, केंडल व टाडेउश रीशस्टीन यांना १९५० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोन त्वचेवर लावून मात्र उपयोग होत नव्हता. १९५२ मध्ये मॅरियन सल्झबर्गर व व्हिक्टर विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावल्यास इसबासारखे विकार आटोक्यात येतात, असे दाखवून दिले. पुढील दोन दशकांत ट्रायामसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल इ. अधिकाधिक तीव्र संयुगे तयार झाली. त्यांबरोबर दुष्परिणामही नजरेस येऊ लागले.

क्रिया : मलमातील द्रव्य त्वचेच्या कोशिकांत शिरून तेथील विशिष्ट ग्राहींशी संयोग पावते आणि शोथ निर्माण करणाऱ्या प्रथिनांचे उत्पादन रोखते. सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावल्यामुळे लाली व सूज उतरते, खाज कमी होते. तसेच कोशिकाविभाजनाचा वेग मंदावतो, म्हणून सोरियासिसमधील जाड खवलेदार चट्टे पातळ होतात. मात्र त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन तंतूंची निर्मितीही याच क्रियेमुळे घटते व त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्ती कमी होते. गुण व दोष यांचे मूळ असे एकच आहे. ही मलमे रोगाचे कारण नाहीसे करीत नाहीत, केवळ शोथ शमवितात, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

तीव्रता : तीव्रतेनुसार या मलमांचे सामान्यतः चार वर्ग पाडतात : (१) सौम्य, उदा., हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का. (२) मध्यम, उदा., क्लोबेटासोन ब्युटिरेट ०·०५ टक्के. (३) तीव्र, उदा., बीटामेथासोन व्हॅलरेट ०·१ टक्का किंवा मोमेटासोन फ्युरोएट ०·१ टक्का. (४) अतितीव्र, उदा., क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०·०५ टक्के. नळीवर छापलेल्या टक्केवारीवरून तीव्रतेचा अंदाज बांधता येत नाही. क्लोबेटासोलचे ०·०५ टक्के मलम हायड्रोकॉर्टिसोनच्या १ टक्का मलमापेक्षा कित्येक पटींनी प्रभावी असते. त्याच द्रव्याचे तेलकट मलम क्रीमपेक्षा सामान्यतः अधिक परिणामकारक असते. ते कोरड्या व जाड चट्ट्यांना योग्य ठरते. ओलसर चट्ट्यांसाठी क्रीम आणि केसाळ भागासाठी द्रव स्वरूपाचे औषध सोयीचे असते.

औषधाचे अभिशोषण शरीराच्या भागागणिक बदलते. १९६७ मध्ये अमेरिकेत केलेल्या मापनांत हाताच्या पुढील भागातील हायड्रोकॉर्टिसोनाचे अभिशोषण १ मानल्यास ते तळपायात ०·१४, कपाळावर ६, जबड्यावर १३ व वृषणकोशावर ४२ इतके आढळले. म्हणूनच तळपायाच्या इसबासाठी दिलेले मलम चेहऱ्यावर किंवा जांघेत लावणे धोक्याचे असते. काखेत, स्तनांखाली व लंगोटाखाली त्वचा झाकलेली व ओलसर राहत असल्याने तेथेही अभिशोषण वाढते.

वापरण्याची पद्धत : मलम किती लावावे यासाठी बोटाच्या पेराचे माप सोयीचे आहे. प्रौढ व्यक्तीच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत नळीतून काढलेली मलमाची रेघ सुमारे ०·५ ग्रॅ. भरते. बोटांसह दोन तळहातांएवढ्या त्वचेला ती पुरते. चेहरा व मान यांसाठी अशी २·५, एका हातासाठी (पंजा वगळून) ३, एका पायासाठी (पाऊल वगळून) ६ आणि छाती व पोट यांसाठी मिळून ७ मापे लागतात. मलम दिवसातून एकदा, फार तर दोनदा, केवळ शोथ असलेल्या त्वचेवर पातळ थरात लावतात. अधिक वेळा लावल्याने गुण वाढत नाही. त्वचा मऊ ठेवणारे स्निग्ध द्रव्य निराळे लावावे व दोहोंमध्ये काही वेळ जाऊ द्यावा. वैद्याने सांगितल्याखेरीज मलमावर पट्टी बांधू नये.

चेहरा, जांघ, काख यांवर सौम्य मलमच व तेही थोडे दिवस वापरतात. क्लोबेटासोलसारखे अतितीव्र मलम सलग दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ आणि आठवड्यात ५० ग्रॅ. पेक्षा अधिक वापरू नये, असा संकेत आहे. या मलमाच्या रोजच्या अवघ्या २ ग्रॅ. मात्रेनेही अधिवृक्क ग्रंथींचे कार्य दबल्याचे आढळले आहे. लहान मुलांत वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने हा धोका वाढतो. गरोदर स्त्रियांनी तीव्र मलमे वैद्याच्या सल्ल्यानेच वापरावीत. पापण्यांवर दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होण्याचा संभव असतो. इसब वारंवार उलटत असल्यास, ते शमल्यानंतर आठवड्यातून दोन दिवस मलम लावण्याची पद्धत वैद्याच्या देखरेखीखाली अवलंबितात.

दुष्परिणाम : दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या ठळक दिसू लागतात, जांघेत व काखेत कायमचे पट्टे उमटतात, मुरुमासारखे फोड येतात, केस वाढतात किंवा त्वचेचा रंग फिकट होतो. चेहऱ्यावर मलमाची जणू सवय लागते : ते बंद करताच लाली व आग होते, आराम पडावा म्हणून रुग्ण पुन्हा मलम लावतो आणि हे चक्र सुरू राहते. सोरियासिसमध्ये तीव्र मलम एकदम थांबविल्यास रोग उसळून येऊ शकतो, म्हणून दीर्घकाळ लावलेले मलम वैद्याच्या सल्ल्याने क्रमाक्रमाने कमी करतात.

याउलट, दुष्परिणामांच्या धास्तीने मलम अजिबात न लावणे किंवा फारच थोडे लावणे, हेही अहितकारक आहे. त्यामुळे इसब चिघळते, झोपमोड होते व खाजविल्याने जंतुसंसर्ग होतो.

भारतातील गैरवापर : भारतातील बारा केंद्रांत केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारींसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३, म्हणजे १४·८ टक्के, रुग्ण चेहऱ्यावर स्टेरॉइड मलम वापरीत असल्याचे आढळले. वर्ण उजळण्यासाठी, मुरुमांवर आणि वांगावर ही मलमे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतली जातात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टेरॉइड यांचे मिश्रण वांगावरील अल्पकालीन उपचारासाठी असते, परंतु ते गोरेपणाचे क्रीम म्हणून महिनोन्‌महिने लावले जाते.

गजकर्ण (नायटा) हा कवकजन्य विकार आहे. स्टेरॉइड लावताच त्याची खाज व लाली कमी होते, पण कवक बिनबोभाट पसरत राहते. चट्ट्याचे नेहमीचे रूप पालटल्यामुळे निदानही अवघड होते. स्टेरॉइड, कवकनाशक व प्रतिजैविक एकाच नळीत असलेली मिश्र मलमे या दृष्टीने विशेष हानिकारक ठरली. गेल्या काही वर्षांत भारतात हट्टी गजकर्णाचा मोठा प्रसार झाला. त्यास कारणीभूत असलेल्या व टर्बिनाफीन या औषधास अनेकदा दाद न देणाऱ्या कवकाला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव देण्यात आले. मिश्र मलमांचा सर्रास वापर हे या प्रसारामागील एक कारण मानले जाते.

पूर्व विदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे नाकाडोंगरी हे गाव व त्याच्या आसपासचा प्रदेश भातशेतीचा आहे. जवळच डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगॅनिजाच्या खाणी आहेत. रोवणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलपाण्यात उभे राहणाऱ्यांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. घामाने ओलसर राहणाऱ्या अंगावर गजकर्ण सहज वाढते. अशा वेळी हाताशी असलेली कोणतीही नळी वापरण्याचा मोह होतो. याशिवाय भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळतात. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श, उष्णता वा वेदना जाणवत नसल्यास तो कुष्ठरोगाचा असू शकतो. अशा चट्ट्यावर स्टेरॉइड मलम चोळीत बसल्यास लाली ओसरते, परंतु निदान लांबते आणि तेवढ्या काळात मज्जातंतूंची हानी होऊन हातापायांत व्यंग येण्याचा धोका असतो. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो व तो वेळीच घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. म्हणून न खाजणारा, बधिर चट्टा कोणतेही मलम लावण्यापूर्वी तपासून घ्यावा.

कायदेशीर नियंत्रण : औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘एच’ अनुसूचीतील औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. बाहेरून लावावयाच्या स्टेरॉइडांना मात्र दीर्घकाळ त्यातून सूट होती. त्वचारोगतज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा १४ स्टेरॉइडांची सूट काढून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंदी घातलेल्या ३२८ मिश्र औषधांत काही स्टेरॉइडयुक्त मलमांचाही समावेश होता. महाराष्ट्रात या नियमांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

मलम विकत घेताना नळीवरील घटकांची नावे वाचावीत. नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ असे अक्षरगट असल्यास ते बहुधा स्टेरॉइड असते, मात्र यास अपवाद आहेत. जुन्या चिठ्ठीवर नव्या विकारासाठी मलम घेऊ नये व एकाची नळी दुसऱ्याने वापरू नये. दोन आठवड्यांत गुण न आल्यास मलमाची तीव्रता आपल्या मनाने न वाढविता निदानाची फेरतपासणी करून घेणे इष्ट असते.