वेळापत्रकातील गणित

जूनमध्ये शाळा उघडली की शिक्षकांच्या खोलीत पहिली उत्सुकता असते ती नव्या वेळापत्रकाची. कोणाला किती तास आले, कोणती तुकडी कोणाच्या वाट्याला गेली, शनिवारचा शेवटचा तास कोणाच्या माथी बसला, याची चर्चा दोन दिवस रंगते. ज्यांच्यासाठी हे वेळापत्रक करायचे त्या विद्यार्थ्यांचा विचार मात्र तीत अभावानेच होतो. वेळापत्रक ही कार्यालयीन बाब आहे, शैक्षणिक नव्हे, असाच जणू समज रूढ झाला आहे. या समजाची सर्वाधिक किंमत मोजावी लागते ती गणिताला.

इतिहासाचा एखादा तास बुडाला तर विद्यार्थी तो धडा घरी वाचून काढू शकतो. परंतु अपूर्णांकांची बेरीज ज्याला उमगली नाही, त्याची वाट बीजगणितात पुढे खुंटते. गणिताची प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते. म्हणून या विषयाला ताजे अवधान हवे आणि रोजचा सरावही हवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणाविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका बैठकीत केलेल्या पाठांतरापेक्षा अनेक दिवसांत विभागलेले पाठांतर अधिक टिकते, हे त्यांतून दिसून आले. तरीही सोमवारी दोन, मंगळवारी दोन आणि पुढे शुक्रवारपर्यंत गणिताचा एकही तास नाही, अशी मांडणी करताना कोणाला काही वावगे वाटत नाही.

वेळेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. लॉस एंजल्स येथील शाळांच्या नोंदी तपासून अर्थशास्त्रज्ञ नोलन पोप यांनी २०१६ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, दिवसाच्या पूर्वार्धात गणित शिकणाऱ्यांची त्या विषयातील कामगिरी उत्तरार्धात शिकणाऱ्यांपेक्षा सरस ठरते. हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून मात्र चालणार नाही. आपल्याकडील अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. दुपारच्या सत्राचा पहिला तास हा जेवणानंतरच्या सुस्तीचा, तर सकाळचा पहिला तास हजेरीत आणि उशिरा येणाऱ्यांच्या वर्दळीत जातो. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस कामकाज ठरवून दिले आहे. रोजच्या गणिताच्या तासातली ५ मिनिटे हजेरीत गेली, तर वर्षाला १,१०० मिनिटे, म्हणजे ३५ मिनिटांच्या ३१ तासिका बुडाल्या. शेवटच्या तासाची कथा तर सर्वांनाच ठाऊक आहे. स्नेहसंमेलनाच्या तालमी असोत वा पाहुण्यांचे व्याख्यान, बळी जातो तो त्याच तासाचा. राहता राहिले दुसरा, तिसरा आणि मधल्या सुट्टीनंतरचा असे मोजकेच तास.

यावर मुख्याध्यापक म्हणतील, एकाच शिक्षकाकडे चार तुकड्या असताना सर्वांना दुसरा तास द्यायचा कसा? आक्षेप रास्त आहे. पण मग प्रश्न उरतो की, मोक्याचा तास मिळावा कोणाला? जेथे गुणांनुसार तुकड्या पाडतात तेथे तो बहुधा ‘अ’ तुकडीच्या पदरात पडतो, कारण शाळेच्या निकालाची शोभा तिच्यावर अवलंबून असते. वास्तविक त्या तुकडीतील अनेकांना सायंकाळी शिकवणीची जोड असते. ज्या मुलाला शिकवणी परवडत नाही, ज्याला घरी गणित समजावून सांगणारे कोणी नाही, त्याला शाळेतला तास हाच एकमेव आधार. तोच दिवसाच्या शेवटी, थकल्या डोळ्यांसमोर ठेवायचा, हा अन्याय आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. गणिताचा तास रोज एकच पण न चुकता असावा. भूमितीतील सिद्धता अर्ध्यावर तुटू नये म्हणून आठवड्यातून एकदा त्याला जोडतास द्यावा. चांगला तास प्रथम कच्च्या तुकडीला द्यावा आणि इतर विषयांवर अन्याय होऊ नये म्हणून सत्रागणिक फेरपालट करावी. यासाठी अनुदान लागत नाही की नवी इमारत. लागते ती थोडी डोकेफोड.

‘गणितात कच्चा’ हा शेरा प्रगतिपुस्तकावर लिहिण्यापूर्वी त्या मुलाला गणिताचा तास कोणत्या वेळी मिळाला, हे भिंतीवरील वेळापत्रकात एकदा पाहून घ्यावे.