दुसरा माणूस का मरतो?

२८ एप्रिलला जगात बऱ्याच ठिकाणी कामावर मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या कामगारांची आठवण काढली जाते. १९८४ साली कॅनडातल्या कामगार संघटनांनी ही सुरुवात केली. आपल्याकडे १ मे सगळ्यांना पाठ, त्याच्या तीन दिवस आधीचा हा दिवस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. माझा पीएचडीचा विषय बंदिस्त जागांमधली हवा हा आहे, त्यामुळे या दिवशी मला एक ठरावीक बातमी आठवते. तुम्हीही ती वाचलेली असणार, फक्त गाव आणि तारीख बदलते: सेप्टिक टँक साफ करताना तिघांचा मृत्यू.

टाकी एक, मग माणसं तीन कशी? पहिला कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तिसरा त्या दोघांना. १९८६ साली अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने एक इशारा प्रसिद्ध केला होता. त्यात म्हटलं होतं की बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा आकडा छापण्यातली चूक वाटला होता.

मुख्य गुन्हेगार बहुतेक वेळा हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू. हवेच्या दहा लाख भागांत याचा एक भागसुद्धा नसला तरी नाकाला कळतं. म्हणून आपल्याला वाटतं, 'वास आला की बाहेर येऊ.' गोची इथेच आहे. प्रमाण शंभर भागांच्या वर गेलं की नाकाची वास घेण्याची ताकदच मारली जाते. म्हणजे वास अचानक गेला, तर हवा सुधारलेली नसते, उलट बिघडलेली असते. पाचशे-सातशेच्या पुढे काही मिनिटांत माणूस कोसळतो, आणि हजारच्या आसपास एक-दोन श्वासही पुरे होतात. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

शिवाय हा वायू गाळात अडकून बसलेला असतो. झाकण उघडून तासभर ठेवलं, वरून सगळं ठीक दिसलं, आणि आत उतरून फावडं मारलं की सोड्याची बाटली हलवल्यासारखा तो भसकन बाहेर येतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क वायूला अडवत नाही. ऑक्सिजनच कमी असेल तर कुठलाही गाळणारा मास्क कामाचा नाही, कारण गाळायला आत काही हवंच ना!

गावाकडचे लोक विहिरीत आधी कंदील सोडून बघायचे. ज्योत विझली की उतरायचं नाही. कल्पना हुशारीची आहे, पण अपुरी. ऑक्सिजन बराच खाली आला की ज्योत विझते खरी, पण जीव घेण्याइतका हायड्रोजन सल्फाइड असतानाही ती आरामात जळत राहते. आणि सेप्टिक टँकमध्ये मिथेन असतो, तिथे कंदील सोडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

मग उपाय काय? खरं तर माणूस उतरूच नये, सक्शन मशीनने काम व्हावं. उतरणं टळतच नसेल तर आधी ब्लोअरने हवा, मग वायू मोजणारं यंत्र, आणि अंगावर पट्टे बांधून वरच्या तिपाईच्या कप्पीला जोडलेला दोर. पहिला कोसळला तर वरच्यांनी हँडल फिरवायचं, बस्स. दुसऱ्याला उतरण्याची वेळच येत नाही. हा दोर 'आधीच' बांधलेला असावा लागतो, आणि नेमकं तेच होत नाही.

कायदा नाही असं नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मृत्यूमागे १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती ३० लाख केली. तरी बातमीत दुसऱ्या माणसाच्या धाडसाचं कौतुक येतं, आणि दोर का नव्हता हे कुणी कंत्राटदाराला विचारत नाही. मला या कौतुकाचा राग येतो.

तुम्ही कधी अशा टाकीच्या तोंडाशी उभे असाल आणि आतला माणूस निपचित दिसला, तर उतरू नका. १०१ ला फोन करा, 'टाकीत वायू आहे, श्वसनयंत्र घेऊन या' असं स्पष्ट सांगा. ब्लोअर असेल तर बाहेरची ताजी हवा आत सोडा. डिझेल-पेट्रोलचं इंजिन तोंडापाशी लावू नका, त्याचा धूर आत गेला तर कार्बन मोनॉक्साइडची भर पडते. आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा दंड घट्ट धरून ठेवा, कारण उडी मारायच्या बेतात तोच असतो.