पलंगाखालची रेघ

हातात एल आकारात वाकवलेल्या दोन तारा. माणूस खोलीत सावकाश पावलं टाकतो, पलंगापाशी येतो आणि तारा एकमेकींवर फुली होऊन थांबतात. इथून जमिनीखाली पाण्याचा झरा जातो, पलंग हलवा, असं तो सांगतो. घरात आजारी माणूस असेल, तर हे शब्द काळजात रुतून बसतात. जिओपॅथिक स्ट्रेस या नावाने सांगितलं जातं ते हेच: भूगर्भातल्या पाण्याच्या आणि भेगांच्या वर एक बाधक शक्ती असते, आणि तिथे झोपणाऱ्याला निद्रानाशापासून कर्करोगापर्यंत काहीही होऊ शकतं.

ही कल्पना रुजली जर्मनीत. 1929 च्या जानेवारीत गुस्ताफ फॉन पोल हा पाणाड्या बव्हेरियातल्या फिल्सबिबुर्ग गावात फिरला आणि त्याने नकाशावर जमिनीखालच्या 'प्रवाहां'च्या रेघा ओढल्या. मग त्या कर्करोगाने दगावलेल्यांच्या घरांशी ताडून पाहिल्या. सगळे पलंग रेघांवरच होते, असा निष्कर्ष त्याने काढला. पण त्याच रेघांवर वर्षानुवर्षं झोपून ठणठणीत राहिलेले किती, हे कुणी मोजलं नाही. ते मोजल्याशिवाय ती ताडणी अर्धवटच राहते.

पुढे एर्न्स्ट हार्टमान या जर्मन डॉक्टरने सगळ्या पृथ्वीवरच रेघांचं जाळं असल्याचं मांडलं. उत्तर-दक्षिण रेघा साधारण दोन मीटरवर, पूर्व-पश्चिम अडीच मीटरवर. जरा टेप घेऊन हिशेब करावा. सहा फूट रुंद, साडेसहा फूट लांब डबलबेड अशा जाळ्यात जवळजवळ कुठेही ठेवला, तरी एखादी रेघ त्याखाली येतेच. मग जवळजवळ प्रत्येक दुखण्याला कारण सापडतं, आणि तिथेच या सिद्धांताचा कस संपतो.

पाणाड्यांची खरी परीक्षा म्युनिकजवळ एका कोठारात झाली, 1987-88 मध्ये, सरकारी पैशाने. सुमारे 500 जणांतून 43 निवडले गेले. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप दहा मीटरच्या पट्ट्यावर कुठेही सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरच्या पाणाड्याने जागा दाखवायची, अशा 843 चाचण्या झाल्या. मोजक्या काही जणांत विलक्षण कसब दिसतं, असं प्रयोगकर्त्यांनी जाहीर केलं. 1999 मध्ये जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. नेहमी पट्ट्याच्या मध्यावर बोट ठेवणाऱ्यापेक्षा सर्वांत चांगला पाणाड्या सरासरी चार मिलिमीटरने सरस ठरला होता. दहा मीटरमध्ये चार मिलिमीटर!

तारा हलतात हे मात्र खरं. त्यात लबाडी असतेच असं नाही. मनात अपेक्षा असली की मनगट नकळत किंचित कलतं आणि सैल धरलेली तार ते मोठं करून दाखवते. विल्यम कार्पेंटर या शास्त्रज्ञाने 1852 मध्येच याची उकल केली होती. आपल्याकडे तळहातावर नारळ धरून विहिरीची जागा सांगणाऱ्या पाणाड्याचंही तेच होतं.

पुण्यातल्या काही अभ्यासकांनी अशा जागांवर माणसांची नाडी आणि रक्तदाब मोजून लेख लिहिले आहेत. मोजणी यंत्राने झाली, पण जागा ठरली तारांनीच. त्यामुळे मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो.

आणि जमिनीतून घरात खरोखर येणारं एक विष आहे. ते मोजताही येतं. खडकातल्या युरेनियमपासून तयार होणारा रेडॉन वायू रंगहीन, गंधहीन. तळघराच्या फटींतून तो वर येतो. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते एक प्रमुख कारण आहे. जागतिक आरोग्य संघटना या कर्करोगाच्या 3 ते 14 टक्के रुग्णांमागे रेडॉन असल्याचं मानते.

डिसेंबर 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्यामुळे किरणोत्साराची घंटा वाजू लागली. तीही तो कामावर आत शिरताना! वीजनिर्मिती अजून सुरूच झाली नव्हती. शेवटी त्याचं घर तपासलं, तेव्हा तिथल्या हवेत रेडॉनचं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या शेकडो पट निघालं. कुटुंब तातडीने बाहेर पडलं. जमिनीखालचा वायू बाहेर सोडण्याची सोय बसवली, पुन्हा मोजणी झाली, आणि काही महिन्यांनी ते सगळे त्याच घरात राहायला परतले.