समन्याय विश्लेषण (सार्वजनिक वाहतूक)

हा लेख सार्वजनिक वाहतुकीच्या न्याय्य वाटणीच्या मोजमापाविषयी आहे. कंपन्यांच्या समभागांचे मूल्य व भविष्यातील भाव यांच्या अभ्यासासाठी समभाग विश्लेषण पहा.

समन्याय विश्लेषण म्हणजे सार्वजनिक वाहतुकीचे लाभ आणि तिचा भार समाजातील कोणत्या घटकांच्या वाट्याला किती येतो, आणि ही वाटणी न्याय्य आहे काय, हे मोजून तपासण्याची पद्धत होय. लाभांमध्ये घराजवळचा थांबा, पुरेशा फेऱ्या, प्रवासाला लागणारा कमी वेळ आणि शाळा, रुग्णालय, बाजार व नोकरीच्या ठिकाणापर्यंतची पोहोच यांचा समावेश होतो. भारामध्ये भाडे, गाडीची वाट पाहण्यात जाणारा वेळ, गर्दी, धूर आणि प्रकल्पांमुळे होणारे विस्थापन मोजले जाते. शहरात एकूण किती बसगाड्या धावतात, यापेक्षा त्या कोणासाठी धावतात, हा या विश्लेषणाचा मुख्य प्रश्न असतो.

नाव व व्युत्पत्ती

इंग्रजीतील 'इक्विटी' हा शब्द 'समता, रास्तपणा' या अर्थाच्या लॅटिन 'एक्विटास' या शब्दापासून आला आहे. इंग्लंडमध्ये सामान्य कायद्याच्या कठोर नियमांमुळे अन्याय होत असेल, तर चान्सरी न्यायालयाकडे दाद मागता येत असे. तेथील न्यायतत्त्वांना 'इक्विटी' म्हणत. मालमत्ता गहाण ठेवणाऱ्याची मुदत टळली तरी कर्ज फेडून ती परत मिळवण्याचा त्याचा हक्क या न्यायालयाने मान्य केला. पुढे मालमत्तेच्या किमतीतून कर्ज वजा जाता मालकाचा जो हिस्सा उरतो त्याला, आणि त्यातूनच कंपनीच्या भागभांडवलाला, हेच नाव पडले. इंग्रजीत एकाच शब्दाने दर्शवल्या जाणाऱ्या या दोन अर्थांसाठी मराठीत 'समन्याय' आणि 'समभाग' असे स्वतंत्र शब्द आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सार्वजनिक वाहतूक हा नागरी हक्कांचा प्रश्न आहे, ही जाणीव अमेरिकेतील वर्णभेदविरोधी चळवळीने ठळक केली. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला. त्यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीय नागरिकांनी शहराच्या बससेवेवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णाधारित विभागणी घटनाबाह्य ठरवल्यानंतर डिसेंबर १९५६ मध्ये बहिष्कार मागे घेण्यात आला.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील सहाव्या प्रकरणाने संघराज्याच्या निधीवर चालणाऱ्या कार्यक्रमांत वंश, वर्ण किंवा मूळ राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. त्याच्या आधारे अमेरिकेतील मोठ्या वाहतूक संस्थांना भाडेवाढ करण्यापूर्वी किंवा सेवेत मोठा बदल करण्यापूर्वी त्याचा अल्पसंख्य व अल्प उत्पन्न गटांवर होणारा परिणाम तपासावा लागतो. लॉस एंजेलिसमध्ये १९९४ साली बसप्रवाशांच्या संघटनेने वाहतूक प्राधिकरणाविरुद्ध दावा दाखल केला. रेल्वे प्रकल्पांवर मोठा खर्च होत असताना गरीब प्रवाशांच्या बससेवेकडे दुर्लक्ष होत आहे, असे तिचे म्हणणे होते. १९९६ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार प्राधिकरणाने बसमधील गर्दी कमी करण्याचे मान्य केले.

संशोधनाच्या क्षेत्रात वॉल्टर हॅन्सन यांनी १९५९ मध्ये 'पोहोच' ही कल्पना गणिती स्वरूपात मांडली. एखाद्या ठिकाणाहून किती संधी किती सहजतेने गाठता येतात, याचे ते माप होते. जॉन केन यांनी १९६८ मध्ये डेट्रॉईट व शिकागो या शहरांच्या अभ्यासातून, कृष्णवर्णीयांची वस्ती एकीकडे आणि नोकऱ्या दुसरीकडे, अशा विसंगतीमुळे त्यांचा रोजगार कमी होतो, असे प्रतिपादन केले. ब्रिटनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालाने वाहतुकीचा अभाव हे सामाजिक वंचनेचे एक कारण असल्याचे मान्य केले.

न्यायाच्या दोन कल्पना

समन्यायाचा विचार सामान्यतः दोन प्रकारे केला जातो.

क्षैतिज समन्याय: सारख्या परिस्थितीतील सर्वांना सारखी सेवा मिळावी, हे याचे तत्त्व आहे. एकाच लोकसंख्येच्या दोन वस्त्यांपैकी एकीला दहा फेऱ्या आणि दुसरीला दोनच फेऱ्या मिळत असतील, तर या तत्त्वाचा भंग होतो.

ऊर्ध्व समन्याय: ज्याची गरज अधिक त्याला अधिक मिळावे, हे याचे तत्त्व आहे. स्वतःचे वाहन नसलेली कुटुंबे, अपंग व्यक्ती, वृद्ध, विद्यार्थी आणि अल्प उत्पन्न गटातील स्त्रिया यांना सार्वजनिक वाहतुकीवाचून पर्याय नसतो. म्हणून त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला जातो.

या दोन तत्त्वांत पुष्कळदा विरोध येतो. सर्व वस्त्यांना समान फेऱ्या दिल्या, तर दारात मोटार असलेल्यांना आणि पायी चालणाऱ्यांना सारखेच मिळते. यापैकी कोणते तत्त्व कोठे लावायचे, हा निर्णय गणिताने होत नाही. तो सार्वजनिक धोरणाचा विषय आहे.

मोजमापाच्या पद्धती

सर्वांत सोपे माप थांब्याच्या अंतराचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी अकराव्या उद्दिष्टाच्या मोजणीत बसथांबा ५०० मीटरच्या आत आणि रेल्वेसारख्या अधिक क्षमतेच्या सेवेचे स्थानक १ किलोमीटरच्या आत असलेली लोकसंख्या 'सोय उपलब्ध असलेली' मानली जाते. थांबा जवळ असूनही गाडी क्वचितच येत असेल किंवा भाडे परवडत नसेल, तर मात्र हे माप फसवे ठरते. म्हणून फेऱ्यांची संख्या, त्यांच्या वेळा, उत्पन्नाच्या तुलनेत भाडे आणि ठरावीक वेळेत गाठता येणाऱ्या ठिकाणांची संख्या हीही मापे वापरली जातात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील मुक्कामी एसटी हे वेळेच्या महत्त्वाचे उत्तम उदाहरण आहे. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी एकच गाडी विद्यार्थ्याला वेळेवर महाविद्यालयात पोहोचवते. दुपारच्या तीन गाड्या त्याच्या उपयोगाच्या नसतात.

वाटणीतील विषमता एका आकड्यात सांगण्यासाठी लॉरेन्झ वक्र आणि जिनी गुणांक वापरतात. मॅक्स लॉरेन्झ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९०५ मध्ये संपत्तीच्या वाटणीसाठी हा वक्र सुचवला. इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्राडो जिनी यांनी १९१२ मध्ये त्यांचा गुणांक मांडला. गुणांक शून्य असेल तर वाटणी पूर्णपणे समान असते. तो जितका १ च्या जवळ जातो, तितकी विषमता अधिक.

उदाहरणादाखल, समान लोकसंख्येच्या दहा वस्त्या आणि दिवसाच्या १०० फेऱ्या असलेले एक गाव घेऊ. सरासरी काढली तर प्रत्येक वस्तीला १० फेऱ्या मिळतात. प्रत्यक्षात पाच वस्त्यांना प्रत्येकी २, तीन वस्त्यांना प्रत्येकी १० आणि दोन वस्त्यांना प्रत्येकी ३० फेऱ्या मिळत असतील, तरीही सरासरी १० च राहते. मात्र निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला १० टक्केच फेऱ्या येतात, आणि जिनी गुणांक ०.५२ इतका भरतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराविषयी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० टक्के लोकसंख्येच्या वाट्याला एकूण सेवेपैकी १९ टक्केच सेवा येत असल्याचे आढळले. तेथील गुणांक ०.६८ होता.

वरील उदाहरणातील ३० फेऱ्या मिळणाऱ्या दोन वस्त्या कोणाच्या आहेत, हे गुणांक सांगत नाही. त्या वाहन नसलेल्या मजुरांच्या असतील तर विषम वाटणीही न्याय्य ठरू शकेल, बंगल्यांच्या असतील तर नाही. म्हणून गुणांकासोबत वस्तीनिहाय गरजेचा नकाशा पाहणे आवश्यक असते.

मागणीचे अंदाज आणि न मोजलेला प्रवासी

नवे मार्ग ठरवताना भविष्यातील प्रवासीसंख्येचा अंदाज बांधला जातो. १९५० च्या दशकात डेट्रॉईट व शिकागो येथील अभ्यासांतून विकसित झालेल्या चार टप्प्यांच्या पद्धतीत किती प्रवास निर्माण होतील, ते कोठून कोठे होतील, कोणत्या साधनाने होतील आणि कोणत्या मार्गाने होतील, याचे गणित मांडतात. या गणिताचा पाया सध्याच्या प्रवासाच्या नोंदींवर असतो.

समन्याय विश्लेषणाचा मुख्य आक्षेप येथेच आहे. ज्या वस्तीत बस जात नाही, तेथील लोक बसने प्रवास करत नाहीत. ते प्रवास करत नाहीत, म्हणून नोंद होत नाही. नोंद नाही, म्हणून मागणी नाही असा निष्कर्ष निघतो, आणि मागणी नाही म्हणून बस दिली जात नाही. रुग्णालयात न जाणारा वृद्ध किंवा दहावीनंतर शिक्षण सोडणारी मुलगी या गणितात कोठेच दिसत नाही. अशा मागणीला दबलेली मागणी म्हणतात. वाहतूकतज्ज्ञ कॅरेल मार्टेन्स यांनी २०१६ च्या आपल्या ग्रंथात, नियोजनाचा आरंभ मागणीच्या अंदाजापासून न करता प्रत्येक व्यक्तीला मिळणाऱ्या किमान पोहोचीपासून करावा, अशी मांडणी केली आहे.

समभाग बाजारातील अंदाजांशी तुलना

समभाग विश्लेषणातही मागील आकड्यांवरून पुढील काळाविषयी तर्क केला जातो. बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांच्या १९३४ मधील ग्रंथाने कंपनीची मालमत्ता व नफा यांवरून समभागाचे मूल्य ठरवण्याची शिस्त घालून दिली. त्याआधी १९३३ मध्ये आल्फ्रेड काउल्स यांनी व्यावसायिक भाकितकारांच्या शिफारशी तपासल्या होत्या. त्या केवळ योगायोगाने मिळणाऱ्या यशापेक्षा सरस असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. अशी तपासणी शक्य झाली, कारण समभागाच्या अंदाजाची परीक्षा काही काळाने बाजारभावच घेतो. सुरूच न झालेल्या बसमार्गाचा अंदाज चुकला होता, हे मात्र कधीच उघड होत नाही. वाहतुकीतील अंदाज स्वतःच स्वतःला खरा ठरवू शकतो, हा दोहोंतील महत्त्वाचा फरक आहे.

सरासरीआड वाटणी झाकली जाणे हे मात्र दोन्हीकडे आढळते. बाजाराचा निर्देशांक वाढला म्हणजे प्रत्येक गुंतवणूकदाराला लाभ झाला, असे नसते. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, अर्थात सेबीने, २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या वायदे व पर्याय व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. याच तीन वर्षांत मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक एकूण वाढला होता.

भारत व महाराष्ट्र

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या प्रवासाला प्राधान्य देण्याचे आणि रस्त्यावरील जागेची न्याय्य वाटणी करण्याचे तत्त्व स्वीकारले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बसस्थानके, रेल्वेस्थानके व वाहने अपंग व्यक्तींना वापरता येण्याजोगी करण्याची तरतूद आहे.

महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एसटी धावली. 'गाव तिथे एसटी' या धोरणात फायद्यातोट्यापलीकडे जाऊन प्रत्येक गावाला किमान सेवा देण्याची कल्पना होती. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवासाची, तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत देण्यात आली. दिल्ली (२०१९), तामिळनाडू (२०२१) आणि कर्नाटक (२०२३) येथे ठरावीक बससेवांत महिलांना मोफत प्रवास सुरू झाला. त्यानंतर महिला प्रवाशांच्या संख्येत मोठी वाढ नोंदवली गेली. भाड्यामुळे दबलेली मागणी अस्तित्वात होती, असा याचा एक अर्थ लावला जातो. सवलतीचा उपयोग मात्र जेथे गाडी येते तेथेच होतो. फेऱ्या नसलेल्या गावाला ती लाभत नाही.

मर्यादा

समन्याय विश्लेषणाची विश्वासार्हता उपलब्ध माहितीवर अवलंबून असते. भारताच्या २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर व प्रवासाचे साधन विचारले गेले, परंतु ते शेती व घरगुती उद्योगाबाहेरील कामगारांपुरतेच होते. पाणी, बाजार, दवाखाना किंवा मुलांची शाळा यांसाठी स्त्रियांना करावा लागणारा प्रवास त्यात आला नाही. याशिवाय वस्तीची सरासरी काढताना त्याच वस्तीतील गरीब कुटुंब पुन्हा झाकले जाते. रात्री उशिराच्या थांब्यावरील सुरक्षितता किंवा गर्दीतील अवहेलना यांना आकड्यांत बसवणे कठीण आहे. त्यामुळे आकडेवारीला घरोघरी केलेल्या पाहणीची आणि जे प्रवास करू शकत नाहीत त्यांच्याशी केलेल्या प्रत्यक्ष संवादाची जोड द्यावी लागते.

हे सुद्धा पहा

जिनी गुणांक
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
माँटगोमेरी बस बहिष्कार
शाश्वत विकास उद्दिष्टे
समभाग