अनुदानाचे घर : निधी कोणाचा, जबाबदारी कोणाची?

'अनुदानाचे घर' म्हटले की शासनाने बांधून दिलेले विनामूल्य घर, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः अशा घरात केंद्र, राज्य, महानगरपालिका, लाभार्थी आणि पुष्कळदा बँक या सर्वांचा वाटा असतो. यांपैकी एकाचाही वाटा रखडला, तर घर अर्धवट राहते. छत्तीसगडमधील भिलाई शहराच्या आधारे ही व्यवस्था समजून घेता येईल.

एक शहर, दोन व्यवस्था

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्यालगत सेक्टरनिहाय वसाहत वसली. तेथे कर्मचाऱ्यांना अल्प शुल्कात निवासस्थाने मिळू लागली. हेही एक प्रकारचे अनुदानच. मात्र ते नोकरीशी बांधलेले. वसाहतीबाहेर खुर्सीपार, छावणी, कॅम्प या भागांत स्थिरावलेले कंत्राटी मजूर व किरकोळ व्यावसायिक या व्यवस्थेत बसत नव्हते. त्यांच्या निवाऱ्यासाठी शासकीय योजना व महानगरपालिका हाच आधार ठरला.

निधीची विभागणी

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून अमलात आला. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या दुर्बल घटकातील कुटुंबास या टप्प्यात केंद्राकडून १.५० लाख रुपये मिळतात. छत्तीसगडसारख्या राज्याने त्यात किमान १ लाखाची भर घालावयाची असते. पहिल्या टप्प्यात छत्तीसगडने या घटकास 'मोर जमीन, मोर मकान' असे बोलके नाव दिले. भूमिहीनांना सदनिका देणारा घटक 'मोर मकान, मोर आस' या नावाने ओळखला गेला.

केंद्राचा निधी राज्यास ४०, ४० व २० टक्के अशा तीन हप्त्यांत मिळतो. राज्य पातळीवर नागरी विकास अभिकरण समन्वय साधते. अर्ज स्वीकारणे, जागेची कागदपत्रे तपासणे आणि बांधकामाची स्थाननोंद असलेली छायाचित्रे पाठविणे ही कामे महानगरपालिकेची. कुटुंबाचे देशात कोठेही पक्के घर नसावे आणि घर कुटुंबातील स्त्रीच्या अथवा संयुक्त नावावर असावे, यावर योजनेचा भर आहे.

उरलेली रक्कम

समजा, घराचा खर्च ५ लाख रुपये आहे. अनुदान २.५० लाख मिळाले, तरी तेवढीच रक्कम लाभार्थ्याने उभी करावयाची असते. शिवाय अनुदान कामाच्या प्रगतीनुसार मिळत असल्याने प्रारंभीच हाती पैसा लागतो. रोजंदारीवरील कुटुंबाकडे वेतनपत्रक नसते. पट्ट्याच्या जमिनीवर हस्तांतरणाचे निर्बंध असल्याने तारणाचा प्रश्न येतो. येथे बँकेचे दार बंद राहिले, तर सावकाराचे उघडे असते. ही जोखीम विचारात घेऊनच अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जांसाठी पतहमी निधी निर्माण करण्यात आला असून दुसऱ्या टप्प्यात तो १,००० कोटींवरून ३,००० कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आला.

व्याज अनुदान

कर्ज घेऊन घर खरेदी करणाऱ्या अथवा बांधणाऱ्या, वार्षिक ९ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबास व्याज अनुदान आहे. घराची किंमत ३५ लाख व कर्ज २५ लाख रुपयांपर्यंत असावे. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, ४ टक्के दराने हे अनुदान मोजले जाते. कमाल १.८० लाख रुपये पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात. पहिल्या टप्प्यात ही रक्कम एकदम जमा होत असे. आता हप्ता मिळण्याच्या वेळी खाते नियमित असणे आणि निम्म्याहून अधिक मुद्दल शिल्लक असणे आवश्यक आहे. थकबाकीदारास कर्जाबरोबर अनुदानही गमवावे लागू शकते.

म्हणूनच अर्ज भरतानाच ग्राहकास आपल्या वाट्याची रक्कम, परतफेडीची कुवत आणि अनुदानाच्या अटी स्पष्ट करून सांगणे हे शाखेचे कर्तव्य आहे. मंजुरीपत्र हाती आले, तरी निवारा मिळतो तो छप्पर पडल्यावरच.