मुलांची पहिली बंदूक

सन २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें अंतिम फेरी गांठणाऱ्या श्रीमती सुमा शिरूर यांनीं स्थापिलेली ‘लक्ष्य’ ही नेमबाजीसंस्था पनवेलास असल्यामुळें, ‘मुलास कोणती बंदूक घ्यावी?’ हा प्रश्न नवी मुंबईंतील पालकांस पडणें स्वाभाविक आहे. आमचें उत्तर : आरंभीं कोणतीच नको. दहा मीटरच्या स्पर्धेंतील हवेच्या बंदुकीचें वजन ५.५ किलोपर्यंत असूं शकतें. तो भार सांवरण्यासाठीं लहान मूल कंबर अतोनात वांकवितें आणि तीच खोड अंगीं जडते. दस्ता लांब असल्यास मान ताणावी लागते. यास्तव प्रथम संस्थेंतीलच हलकी बंदूक टेकूवर ठेवून शिकूं द्यावें. पुढें विकत घेतांना, मुलाच्या वाढत्या उंचीप्रमाणें दस्ता कमीजास्त करतां येईल अशीच निवडावी. बंदूक रिकामी असली, तरी नळीचें तोंड कोणाकडेही वळूं नये, हा धडा मात्र पहिल्याच दिवशीं द्यावा.