भीतीचे तिकीट आणि धोक्याची जबाबदारी

ऑक्टोबर महिना सरत आला की अमेरिकेत हॅलोविनच्या निमित्ताने ठिकठिकाणी भूतबंगले उभे राहतात. काळोखे बोळ, अंगावर झेपावणारे मुखवटे, कानठळ्या बसविणाऱ्या किंकाळ्या. आणि हे सारे अनुभवण्यासाठी लोक रांगा लावून पैसे मोजतात. घाबरविणे हाच तेथील व्यवसाय. मग घाबरून पळताना कोणी पडले आणि हात मोडला, तर भरपाई कोणी द्यायची? प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. परंतु अमेरिकी न्यायालयांना त्याचा गांभीर्याने विचार करावा लागला आहे.

लुईझियाना राज्यातील ग्रेटना येथे एका क्रीडासंस्थेच्या भूतबंगल्यात एक लहान मुलगी दचकून पळाली आणि काळ्या प्लास्टिकने झाकलेल्या पक्क्या भिंतीवर आदळली. अपील न्यायालयाने 1996 मध्ये भरपाई नाकारली. प्रेक्षक दचकणार, सैरावैरा पळणार, हे अशा ठिकाणी गृहीतच असते; त्याबद्दल आयोजकांना दोषी धरता येणार नाही, असा निकालाचा आशय होता. भिंत काळ्या आवरणाखाली दडविली होती हे लक्षात घेता निकाल काहीसा कठोर वाटतो.

कॅलिफोर्नियात सॅन दिएगो येथील 2011 सालच्या घटनेत तर आयोजकांनी मुद्दामच फसवे निर्गमनद्वार ठेवले होते. खेळ संपला असे समजून निर्धास्त झालेल्या एका प्रेक्षकामागे यांत्रिक करवत घेतलेला नट धावला. करवतीची साखळी अर्थातच काढलेली होती. प्रेक्षक पळाला, पडला आणि त्याच्या मनगटाला इजा झाली. 2015 मध्ये अपील न्यायालयाने ‘स्वखुशीने पत्करलेला धोका’ या तत्त्वाचा आधार घेत त्याचा दावा फेटाळला. मात्र खेळात मूळचाच असलेला धोका आयोजकांनी अवाजवी वाढविता कामा नये, ही मर्यादा या तत्त्वाला आहे.

ती मर्यादा किती महत्त्वाची, हे न्यू जर्सीतील दुर्घटनेवरून कळते. 11 मे 1984 रोजी तेथील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या उद्यानातील ‘हाँटेड कॅसल’ला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलामुलींचा मृत्यू झाला. हा ‘किल्ला’ म्हणजे मालवाहू ट्रेलर एकमेकांना जोडून केलेली रचना होती. आत प्लायवुड, फोम यांसारखे ज्वालाग्राही साहित्य; आग विझविणारे पाण्याचे फवारे नाहीत आणि धुराची सूचना देणारी यंत्रणाही नाही. चाकांवरचे तात्पुरते बांधकाम म्हणून ते इमारतींच्या कडक नियमांतून सुटले होते. हे ‘तात्पुरते’ बांधकाम सुमारे पाच वर्षे तेथे उभे होते!

पेटत्या लायटरच्या ज्योतीने फोम पेटल्याची साक्ष खटल्यात झाली. आग कोणी मुद्दाम लावल्यास कोणतीही खबरदारी अपुरीच पडली असती, असा कंपनीचा बचाव होता. जुलै 1985 मध्ये ज्यूरीने कंपनीला सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त केले. दिवाणी दाव्यांत मात्र तडजोडी होऊन भरपाई द्यावी लागली. फौजदारी न्यायालयात निर्दोष ठरणे म्हणजे आर्थिक जबाबदारीतून सुटणे नव्हे. तिकीट घेणाऱ्याने भुताची भीती पत्करलेली असते; बंद बोळातील धूर त्याने कधीच पत्करलेला नसतो.

शिवाय भूतबंगल्यात मदतीची हाकदेखील खेळाचाच भाग वाटू शकते. म्हणूनच आजच्या अमेरिकी अग्निसुरक्षा संहितांत अशा इमारतींसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. धुराची चाहूल लागताच भीतीचे आवाज व दृश्ये आपोआप थांबली पाहिजेत आणि बाहेर पडण्याचा मार्ग उजळला पाहिजे.

‘तात्पुरत्या’ बांधकामाची पळवाट आपल्यालाही परकी नाही. राजकोट येथे 25 मे 2024 रोजी पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या गेम झोनला आग लागून 27 जण दगावले. तेथे अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला नव्हता. दुसऱ्याच दिवशी, रविवार असूनही, गुजरात उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

आपल्याकडे मनोरंजनाचे तिकीट ही कायद्याच्या दृष्टीने सेवेची खरेदी आहे. त्यामुळे आयोजकाच्या हलगर्जीपणाने इजा झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार करता येते. ‘प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर’ असा फलक प्रवेशद्वारी लावलेला असतो. केवळ त्या फलकामुळे हा हक्क संपुष्टात येत नाही. तक्रार साधारणतः दोन वर्षांच्या आत आयोगाकडे दाखल करावी लागते. तिकिटाचा अर्धा भाग, वैद्यकीय देयके आणि शक्य असल्यास जागेची छायाचित्रे तोवर जपून ठेवावीत. कार्डाने पैसे दिले असल्यास बँकेच्या खातेउताऱ्यातील नोंदही पुरावा म्हणून उपयोगी पडते.